अनुपस्थितीचा पोल्का

‘हेझल क्रीक कॅडेट्स’ या ड्रम कोअरच्या, म्हणजे शिंगे-ढोलांच्या कवायती पथकाच्या, वार्षिक निवेदनात पुढील वाक्य छापलेले आहे: ‘यंदा इंडियानापोलिसच्या स्पर्धेच्या अंतिम रात्री आपल्या पथकाने पटकावलेले बारावे स्थान आणि प्रेक्षकांनी उभे राहून केलेला जल्लोष, ही दोन्ही कलादिग्दर्शक डॉ. लोवेल ब्रेके यांच्या दीर्घ चिंतनाची व काटेकोर पूर्वनियोजनाची फळे होत. पोल्का हा प्रथमपासूनच संकल्पनेचा अविभाज्य भाग होता.’

वाक्य डौलदार आहे. त्यातले बारावे स्थान खरे, जल्लोष खरा, पोल्का नावाची ती नाचरी धूनही खरी. उरलेले सारे असत्य! आणि असत्य जेव्हा ‘अविभाज्य’ असा शब्द वापरू लागते, तेव्हा त्याचे विभाजन करणे भाग पडते.

आधी दीर्घ चिंतनाचे पाहू. ब्रेक्यांनी पोल्काविषयी दीर्घ चिंतन केले होते, यात शंका नाही. तो कायमचा गाडून कसा टाकावा, हा त्या चिंतनाचा विषय होता.

गेल्या वर्षी कॅडेट्स तेरावे आले. अंतिम रात्री वाजवायला मिळते ते पहिल्या बारांना. तेरावा क्रमांक म्हणजे पंगतीत पान मांडून झाल्यावर ‘आता तुम्ही हात धुऊन घ्या’ असे ऐकणे. दीडशे पोरे उन्हाळाभर शाळांच्या व्यायामशाळांत जमिनीवर झोपतात, बसमध्ये जेवतात, गावोगावच्या फुटबॉल मैदानांवर भरउन्हात पितळी शिंगे नि ढोल घेऊन आखलेल्या जागा गाठत धावतात. आणि शेवटी प्रेक्षकांत बसून पॉपकॉर्न खातात. पथकाच्या मंडळाने ब्रेक्यांना सौम्य शब्दांत सांगितले होते: यंदा बारांत या, नाहीतर आम्ही दुसरा दिग्दर्शक बघतो.

ब्रेके महाविद्यालयात संगीतशास्त्र शिकवत. आपली जडणघडण व्हिएन्नात झाली, असे ते सांगत. परीक्षकांना काय लागते हे आपल्याइतके अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेत कुणालाच कळत नाही, हेही सांगत. त्यांनी यंदाच्या कार्यक्रमाला नाव दिले: ‘अनुपस्थिती’. मैदानावर उंचच उंच रिकाम्या चौकटी. निशाणे फिरवणाऱ्या मुली गवतावर आडव्या. आणि ऐन मध्यावर संपूर्ण शांतता: शिंगे खाली, ढोल मुके, दीडशे पोरे जागच्या जागी गोठलेली.

परीक्षकांनी या शांततेला गुण दिले. प्रेक्षक त्या वेळेत उठून तळलेले चीज आणायला जात.

उरला पोल्का. दुधाच्या कॅनवर ठेका धरून हेझल क्रीकच्या आजोबांनी कधीकाळी बसवलेली ती धून. गावातल्या लग्नांत वाजते, अंत्यविधींतही वाजते. ब्रेक्यांनी तिला कार्यक्रमातून हाकलून मैदानाबाहेर पडण्याच्या चालीपुरते ठेवले होते. घरच्या सुनेला अंगणात झोपवावे, तसे.

इंडियानापोलिसला आठवडा उरला असताना खुद्द हेझल क्रीकच्या मैदानावर स्पर्धा आली. त्या दुपारी ब्रेक्यांनी शांतता दुप्पट केली.

“दुप्पट, सर?” स्नेअर ड्रम या छोट्या ढोलांच्या रांगेची म्होरकी रेनाटा व्हिलासेन्योर हिने विचारले. तिला एकविसावे सरत होते. नियमाप्रमाणे हा तिचा शेवटचा उन्हाळा. “आत्ताच लोक घड्याळं बघतात.”

“लोकांनी काय बघावं हे लोकांनी ठरवायचं नसतं.”

“आणि आम्ही काय करायचं त्या वेळात?”

“काही नाही! तेच तर करायचंय!”

शांतता दुप्पट झाल्याचे ब्रेक्यांनी पोरांना सांगितले, शिक्षकांना सांगितले, चौकटी ढकलणाऱ्या पालकांनाही सांगितले. सांगितले नाही ते एका माणसाला. ध्वनिक्षेपकावरून घोषणा करणारा माणूस कलाकृतीचा घटक नसतो, अशी त्यांची धारणा होती.

तो माणूस म्हणजे ऑर्विल येलिनेक. ट्रॅक्टरांचा जुना विक्रेता आणि त्याहून जुना कॅडेट. मैदानालगतची माडीवरची खोली कोंबड्यांच्या खुराड्याएवढी. तिच्यात येलिनेक माइक धरून, परीक्षक आपले शेरे बोलून नोंदवायला हातात ध्वनिमुद्रक घेऊन आणि त्यांच्या पाठीला गुडघे टेकवून ब्रेके, असे सगळे कोंबलेले.

“आज गावाला शांतता ऐकवतो, ऑर्विल,” ब्रेके म्हणाले. “खरी शांतता!”

“अरे लोवेल, ती ऐकायला तिकीट कशाला काढायचं? माझी डोरिस रुसली की घरी आठवडाभर फुकट असते.”

“तुला नाही कळायचं.”

“नाहीच कळत. पोल्का कधी आहे तेवढं सांग.”

“बाहेर पडताना. तू पथकाचं नाव पुकारलंस की.”

पुढच्या खुर्चीवरून परीक्षिका मिसेस हार्गिस मागे वळल्या. एकूण परिणामाचे गुण त्यांच्या हाती. “मंडळी, माझं मुद्रण सुरू झालंय,” त्या म्हणाल्या.

कार्यक्रम सुरू झाला. पोरे देखणी वाजवत होती. मग शांतता आली. नेहमीची शांतता सरली. तिच्या पाठोपाठ दुपारी जन्मलेली नवी शांतता सुरू झाली. कुठेतरी एक मूल खोकले. ब्रेक्यांनी समाधानाने डोळे मिटले.

आणि इथेच ऑर्विल येलिनेकचे काळीज गलबलले! शिंगे खाली गेली आहेत, कुणी हलत नाही, म्हणजे पोरांचा कार्यक्रम संपला. आणि आपल्याच गावात एकही माणूस टाळी वाजवत नाही! त्याने माइक ओठांशी नेला.

“मंडळीऽऽ! ही आपली पोरं! आपले हेझल क्रीक कॅडेट्स! अहो, हात मोडलेत का तुमचे?”

गावाने सुटकेचा निःश्वास टाकला आणि टाळ्यांचा कडकडाट केला.

आता एक जुनी जखम सांगायला हवी. जून महिन्यात मैदान उशिरा सोडल्याबद्दल पथकाचे गुण कापले गेले होते. तेव्हापासून ब्रेक्यांनी पोरांच्या हाडांत एकच नियम भरला होता: नाव पुकारले की क्षणात ठेका सुरू, डावा पाय पुढे आणि बाहेर! ‘तिथे विचार करू नका,’ ते रोज ओरडत, ‘विचार करायला मी आहे!’

रेनाटाने विचार केला नाही. तिच्या काड्या ढोलावर पडल्या. मागून ढोल उठले, ट्यूबांची थोराड शिंगे गरजली आणि दुधाच्या कॅनचा पोल्का अर्ध्या कार्यक्रमातच उधळला! आडव्या पडलेल्या मुली मेलेल्या माणसाने आमटीच्या वासाने उठावे तशा उठल्या. चौकटी ढकलणाऱ्या बापांनी चौकटी ढकलल्या. त्यांतल्या एकीतून वेळ मोजणारा अधिकारी घड्याळासकट आरपार गेला. मैदानात उलट्या पावलांनी चालत ढोल तपासणारा परीक्षक झांजा आणि ट्यूबा यांच्यामध्ये सापडला. थांबला असता तर चेंगरला असता, म्हणून त्याने पाय जुळवले आणि वाहनतळापर्यंत गेला. त्याच्या मुद्रणात एवढेच आहे: “एकत्र आहेत… फारच एकत्र आहेत… मीसुद्धा आहे.”

प्रेक्षक बाकांवर चढून नाचत होते. चीजचे कागद आकाशात उडत होते.

ब्रेक्यांच्या स्मृतीनुसार त्या वेळी खोलीत एकच गोष्ट घडली: ते संतापाने थिजले.

कार्यक्रम किमान वेळेच्या आधीच संपला, म्हणून दंड झाला. ज्या पथकाला मागे टाकायचे होते ते पुढे निघून गेले. एकूण क्रमवारीत कॅडेट्स पुन्हा तेरावे!

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या व्यायामशाळेत पॅनकेक वाढले जात असताना ब्रेक्यांनी चौकशी मांडली. आवाज शांत होता. बर्फही शांतच असतो.

“ऑर्विल, कार्यक्रम संपला असं तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. पण संपला नाही असंही कुणी सांगितलं नव्हतं रे! पोरं बिचारी उभी होती, बस चुकल्यासारखी.”

“रेनाटा. अर्धा कार्यक्रम बाकी होता. हे तुला ठाऊक नव्हतं?”

“ठाऊक होतं, सर.”

“मग?”

“तुम्हीच म्हणालात ना, विचार करायला तुम्ही आहात. मी वर बघितलं, सर. खोलीत तुम्ही दिसला नाहीत.”

पोरे पॅनकेकमध्ये तोंड खुपसून हसू लागली. ब्रेक्यांनी हात वर केला.

“हसू नका! लोकांना खूश करणं आणि स्पर्धा जिंकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या पोल्काने आपलं काय केलं, ते परीक्षकांच्याच तोंडून ऐका. हार्गिसबाईंचं मुद्रण लावा.”

परीक्षकांची मुद्रणे सकाळी सर्वांसमोर ऐकायची, हा पथकाचा रिवाजच होता. एरवी ब्रेके ती आधी एकट्याने ऐकत. आज त्यांना गरज वाटली नाही.

येलिनेक खुर्चीत चुळबुळला. “लोवेल, नको लावूस रे.”

“का?”

“असंच. जाऊ दे. पॅनकेक खा.”

“लावा!”

मुद्रण लागले. आधी हार्गिसबाईंचा कोरडा आवाज: शांतता लांबली आहे… अजून लांबते आहे… मी माझ्या पुतण्याला पत्र लिहू शकले असते. मग येलिनेकची घोषणा. मग पोल्का, आणि त्यावर बाईंचा अनपेक्षित हुंकार: “अरे वा! अखेर कुणीतरी हजर आहे! रात्रीचे सर्वाधिक गुण मी यालाच देते आहे. आठवडाभरात हे कार्यक्रमाच्या आत बसवा, म्हणजे दंड नाही आणि रडणं नाही.”

ब्रेके म्हणाले, “हे एका व्यक्तीचं मत झालं. जाणकार माणूस अशा प्रसंगी थिजतो. मी जागेवरून हललोसुद्धा नाही.”

मुद्रण अजून चालू होते. खुर्ची करकरल्याचा आवाज आला. मग लाकडावर बुटांचा ठेका. पक्का, डाव्या पायाचा, कोवळ्या वयात याच मैदानावर मोठा ढोल वाहिलेल्या माणसाचा, ज्याच्या जडणघडणीत व्हिएन्ना बरीच उशिरा आली होती. येलिनेकने डोक्याला हात लावला. रेनाटाच्या काट्यावरचा पॅनकेक खाली पडला.

“डॉक्टर ब्रेके,” मुद्रणातल्या हार्गिसबाई म्हणाल्या, “तुम्ही माझ्या खुर्चीवर उभे आहात. कृपा करून खाली उतरा.”

त्यावर कलादिग्दर्शकांनी दिलेले उत्तर पथकाच्या निवेदनात नाही. ते शब्दशः असे:

“उतरतो, बाई, उतरतो! पण एवढं एक कडवं होऊ द्या हो, मी हेच वाजवायला या पथकात आलो होतो!”