वाटीतल्या सहा गोळ्या

शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करू नये, हे आईनं मला शिकवलं. वाटीत काय घालू नये, हे शिकवायचं राहून गेलं. म्हणून परवा रविवारी कांबळे सरांकडून आलेल्या खिरीची वाटी मी परत केली ती माझ्या घशाच्या औषधातल्या उरलेल्या सहा गोळ्या घालून. बायको बाहेर गेलेली, साखरेचा डबा सापडेना, आणि समोरून सरांचा खोकला ऐकू येत होता. म्हटलं, तेवढीच माणुसकी.

कांबळे सर राजारामपुरीत आमच्याच मजल्यावर, समोरच्या दारात राहतात. जन्मभर कॉलेजात जंतू शिकवून निवृत्त झालेले. ‘बरा हायस का’ असं ते कुणाला विचारत नाहीत. ‘कोर्स पुरा केलास काय?’ हाच त्यांचा नमस्कार; कोर्स म्हणजे औषधाचा. एका लग्नात नवरदेव नाक पुसताना दिसला, तर आहेराचं पाकीट हातात तसंच धरून सरांनी स्टेजवर त्याच्या औषधाची चौकशी मांडली. मागं रांग खोळंबलेली.

तर पाच मिनिटांत सर वाटी घेऊन दारात.

“कोर्स पुरा केला न्हाईस.”

“बरं वाटलं की सर. उरलेल्या वाया कशाला घालवायच्या?”

“तुझ्या घशात आता जे जंतू राहिलेत, ते औषधाला पुरून उरलेले. आणि जंतू असली विद्या नुसती पोराबाळांना देत न्हाईत बाबा. शेजारच्यालाही देतात. तो निराळ्या जातीचा असला तरी देतात. तेवढ्यात ते आपल्यापेक्षा पुढारलेले हायत.”

मला विनोद सुचला. नको तेव्हाच सुचतो.

“मग आमचे चार जंतू पाठवतो की तुमच्याकडं नांदायला. तुम्हाला तेवढीच सोबत.”

सर हसले नाहीत. वाटी टीपॉयवर ठेवली.

“सुमनला शेवटी कुठलंच औषध लागू पडलं न्हाई. डॉक्टरांनी एकेक बदलून बघितलं. तिच्यातल्या जंतूंनी सगळ्यांची तोड आधीच गोळा केलेली.” मग म्हणाले, “खीर अजून दोघांच्या मापानंच होतीया माझ्याकडनं. म्हणून देतो तुमाला.”

आणि गेले.

सरांच्या पत्नी सुमनकाकूंना जाऊन वर्ष होत आलं. त्यांना कशानं नेलं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. सरांच्या ‘कोर्स पुरा केलास काय’ची नक्कल मात्र पाहुणे आले की हमखास करून दाखवायचो, आणि वर त्यांचीच खीर वाढायचो.

संध्याकाळी त्यांच्याकडं गेलो. उंबऱ्यातूनच म्हटलं, “सर, चुकलं माझं.”

“असू दे. ये, बस की,” सर म्हणाले आणि खुर्चीवरचा पेपर उचलला. पण मला लाजेनं मान वर करवेना. काम आहे म्हणालो आणि परत फिरलो.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती भाकरी थापायची थांबली.

“माफी मागून तुम्ही मोकळं झालासा,” ती म्हणाली. “माणूस बस म्हणत होता, तर बसायचं की.”