सशिणीचे बारा ठोके

बाळांनो, मांडी घालून बसा आणि ऐका. एका जंगलात एक पाणवठा होता. पाणी प्यायला मान खाली घातली की वाघ दिसत नाही, म्हणून तिथे कोणीतरी राखण करायची अशी रीत होती. ते काम भागूताई सशीण करायची. वाघ जवळ आला की तिचं काळीज धडधडे. ती "चला" म्हणे, की सगळे पळत. वर्षानुवर्षं कोणी दगावलं नाही. त्यामुळे तिला कोणी विचारतही नसे.

मग बगळेशास्त्री परदेशात शिकून आले. सोबत यंत्र आणलं.

"भागूताईंचं काळीज खरं सांगतं, याला पुरावा काय?" ते म्हणाले. "ज्याला स्वतःचे ठोके अचूक कळतात, त्यालाच राखणीला ठेवा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. यंत्र चकचकीत होतं ना.

परीक्षा सगळ्यांनाच होती, आणि सोपी होती. मिनिटभर डोळे मिटायचे, नाडीला हात न लावता ठोके मोजायचे. खरे किती ते यंत्र सांगणार.

भागूताईने डोळे मिटले, उघडले. "बारा."

"यंत्रात दोनशे आहेत, ताई."

"पडले असतील. मला बाराच कळले."

"अहो, अंदाजाने तरी सांगा. गुण वाढतील."

"चातुर्मास चालू आहे, शास्त्रीबुवा. न कळलेलं कळलं म्हणायचं नाही, असा नेम धरलाय मी."

"शंभरात सहा," शास्त्रीबुवांनी लिहिलं.

पुढचा नंबर दगडोबा रेड्याचा. त्याचा थोरला भाऊ आदल्या दिवशी परीक्षा देऊन आला होता. त्याने सांगून ठेवलं होतं, "बावन्न म्हण. आपल्या घराण्यात तेवढेच पडतात." दगडोबा मिनिटभर छान घोरला आणि जागा होऊन म्हणाला, "बावन्न."

यंत्रातही बावन्न. शास्त्रीबुवांचे डोळे पाणावले. दगडोबाला हार घालून पाणवठ्यावरच्या टेकाडावर राखणीला उभं केलं.

चारच दिवसांनी भर दुपारी भागूताईचं काळीज धडधडलं.

"चला, निघा इथून," ती म्हणाली.

"सहा गुणवाल्यांनी घाबरवू नये," शास्त्रीबुवा म्हणाले. "दगडोबा, काय म्हणतंय काळीज?"

"मजेत आहे," दगडोबा रवंथ करत म्हणाला.

भागूताईने आपली तीन पिल्लं पुढे घातली आणि झुडपात शिरली. वाघ आला. दोन हरणं गेली.

चौकशी झाली. शास्त्रीबुवांनी अहवाल वाचला: "घटना दुःखद आहे. परंतु मयत हरणांना परीक्षेत नऊ-नऊच गुण होते. दगडोबांचे शंभर कायम आहेत."

दगडोबाला दुसरा हार मिळाला.

आता हरणं पाण्यावर येतात, टेकाडाकडे बघून दगडोबाला नमस्कार करतात. मग भागूताई दिसेल अशा बेताने उभी राहतात आणि तिने कान टवकारले की काही न विचारता पळत सुटतात. त्यानंतर एकही हरीण गेलेलं नाही. शास्त्रीबुवा म्हणतात, यंत्राचा गुण आला.

तात्पर्य: पाठ केलेलं उत्तर देणाऱ्याला हार घालून उंचावर उभं करावं. त्याला मान मिळतो, आणि आपली पळायची वाट मोकळी राहते.