सावकाश चालण्याचा दाखला

राजुरीच्या कुंडलिकआबांनी वयाच्या सत्तरीत एक गोष्ट ठरवली. आपण आळशी नाही, याचा कागद मिळवायचा.

त्याला कारण साळुबाई, त्यांची बायको. तिची चाल भारी. लग्नानंतर जोडीनं लेण्याद्रीला गेले, तर ती दर्शन घेऊन उतरत होती आणि आबा अजून चढत होते. मध्येच गाठ पडल्यावर तिनं त्यांच्या हातावर प्रसाद ठेवला. "आता वर कशाला जाता? देवाला सांगितलंय मी, मागनं येत्यात म्हणून." तेव्हापासून दर संकष्टीला हेच. देवाला आबा नावानं ठाऊक होते, चेहऱ्यानं नव्हते.

आबांचे तळवे सपाट. ओल्या पायांनी अंगणातून गेले की मागं भाकरी थापल्यासारखे ठसे राहायचे. भरभर चाललं की तळव्याच्या आतल्या बाजूला कळ यायची. साळुबाईचं मत एवढंच, की कळ-बिळ काय नाय, अंगात आळस हाय.

नात तेजस्विनी पुण्यात फिजिओथेरपी शिकते. तिच्या कॉलेजनं गावच्या शाळेत पायांची तपासणी ठेवली. तपासणी नऊला होती आणि शाळा चार घरं सोडून, म्हणून आबा आठलाच निघाले. (वेळेत पोचले.)

शाळेत एक काळी पट्टी अंथरली होती. तिच्यावरून चाललं की पायाचा दाब कुठं किती पडतो ते कॉम्प्युटरवर रंगात दिसे. एवढ्या महागाच्या वस्तूला पाय लावायचा तर आधी पाया पडायला हवं, म्हणून आबांनी वाकून दोन्ही हात टेकले, मग कपाळ. पडद्यावर दोन पंजे आणि एक कपाळ उमटलं. तेजस्विनीचे सर त्याकडं बराच वेळ बघत राहिले.

सावकाश चालणं छान झालं. मग भरभर चालायला सांगितलं, तेव्हा आबा त्याच चालीनं गेले. तिसऱ्यांदाही तेच. शेवटी तेजस्विनीनं तपासणी बघायला आलेल्या आजीला पुढून चालायला लावलं. साळुबाई निघाली तसे आबा सवयीनं मागून धावले, आणि पडद्यावर तळव्याची आतली बाजू लालभडक झाली.

वेग वाढला की या पायांवर दाब वाढतो, आबांनी सावकाशच चालावं, असं सरांनी सांगितलं. आबांनी ते त्यांच्याकडून कागदावर लिहून घेतलं. शिक्काही मारून घेतला.

त्या दिवशी साळुबाई घरापर्यंत आबांच्या मागून आली. संध्याकाळी तिनं खोबरेल कोमट केलं आणि त्यांचे पाय मांडीवर घेतले.

"पन्नास वर्षं दुखत व्हतं, तर बोलायचं नाय व्हय?"

"बोललो व्हतो. तू पुढं गेली व्हतीस."

 तिनं पुन्हा तेल चोळलं.

पुढच्या संकष्टीला लेण्याद्रीच्या पायथ्याशी ती थांबली. म्हणाली, आता तुमच्याच पावलानं येते. पहिल्या वीस पायऱ्या आबांचा ऊर भरून येत होता. एकविसाव्या पायरीला साळुबाई बोलू लागली. सुनेच्या आमटीतलं मीठ झालं, शेताशेजारच्या गेणभाऊनं कोरलेला बांध झाला, मग नणंदेच्या लग्नात तिला मिळालेलं विटकं लुगडं निघालं. ते लुगडं लांबत गेलं. इतकी वर्षं ती पुढं असायची, तेव्हा हे सगळं डोंगर ऐकत होता.

आबांनी पाऊल जरा उचललं. मग आणखी जरा.

"अवो, सावकाश. कागदावर लिवलंय."

आबा थांबले ते एकदम देवापुढं. साळुबाई धापा टाकत मागून पोचली. तिनं देवाकडं पाहिलं, आबांकडं पाहिलं.

"म्हंजी चालता येतंय तुमाला," ती शांतपणे म्हणाली.

दाखला आता कैरीच्या लोणच्याच्या बरणीवर, फडक्याखाली बांधलेला आहे. आबांचे पाय पंधरा दिवस सुजले होते, पण तेल कुणी चोळलं नाही.