एकेक ओळ वाचणारा भोये

भोये कॉम्प्युटरकडे यादी मागतो, पण घेतो एकच ओळ. ती वाचून झाली की पुढची. आमच्या जव्हारच्या ऑफिसात बाकी सगळे अख्खी यादी एकदम मागवतात, मग जुना कॉम्प्युटर गुदमरून बसतो. भोये म्हणतो, "ढीग कशाला लावायचा? एकेक येऊ दे."

आता यात गोची अशी, की शेवटची ओळ वाचेपर्यंत कॉम्प्युटरला दुसरं काही विचारता येत नाही. आणि एकूण ओळी किती, हेही आधी कळत नाही.

"भोये, किती राहिल्या?" साहेब ओरडतात.

"शेवटची आली की सांगतो, साहेब."

साहेबांचं डोकं फिरतं. माझंही फिरायचं, खोटं कशाला बोलू! अहो, हा माणूस शेंगदाणेसुद्धा एकेक सोलून, निरखून खातो.

परवा रेशनच्या धान्याची यादी चारपर्यंत पाठवायची होती. दुबार नावं काढून टाका, असा हुकूम. एक बटण दाबलं की काम फत्ते. पण हा पठ्ठ्या मध्येच थांबला. जामसरची मंगळी सोमा दोनदा आली होती.

"अरे, उडव एक," मी म्हटलं.

"आमच्याकडं मंगळवारी झाली ती मंगळी. गावात चार निघतील. बघल्याबिगर नाय उडवायची."

यादी तशीच अर्ध्यात ठेवून त्यानं मला जीपमध्ये कोंबलं. साहेब मागून बोंबलत राहिले.

जामसरला एकाच घरातून दोघी बाहेर आल्या. आजेसासू मंगळी, नातसून मंगळी. नातवाला आजोबाचं नाव ठेवलेलं, म्हणून दोघींचे नवरे सोमा! मला हसूच फुटलं. भोये हसला नाही. त्यानं तिथूनच साहेबांना फोन लावला, "दोघीपण खऱ्या हायत. दोघीपण राहतील." मग म्हातारीला म्हणाला, "आजी, तुमचं धान्य बंद व्हायचं होतं. आता नाय होत."

"तुझी आय हाय का रं?" म्हातारीनं विचारलं.

"नाय. तीबी मंगळीच. पाच वर्सांमागं मोखाड्याच्या यादीतून दुबार म्हणून उडवली. चार महिने हापिसात जाऊन सांगायची, मी हाय, मी हाय. कोणी मान वर करून बघलं नाय. मग खरीच गेली."

परतीच्या जीपमध्ये मला त्याच्याकडे बघवेना. त्या वर्षी मी मोखाड्याच्या ऑफिसात होतो. दुबार नावं काढायचं काम माझ्याकडेच होतं. भोयेला हे माहीत आहे का, मला अजून विचारवलेलं नाही.