चक्क्याच्या फडक्याचा मंत्री

दुर्गाताईंच्या शेजारी राहणाऱ्याने श्रीखंड करू नये. चक्का टांगला की ताई दारात हजर. श्रीखंडाशी त्यांना कर्तव्य नसायचं, डोळा फडक्यावर. “धुऊन मला दे हं. छान विरलंय,” म्हणत आणि घेतल्याशिवाय हलत नसत.

त्या फडक्यांची त्या माणसं करत. म्हणजे तोंडं. फडकं खळीत भिजवायचं, उपड्या तांब्यावर पसरायचं, ओलं आहे तोवर चिमटे काढत नाक, गाल, हनुवटी वर आणायची आणि वाळलं की सुरकुत्यांना टाके घालायचे. गिरगावातली आमची निम्मी चाळ त्यांच्या भिंतीवर होती. ताई मुलींच्या शाळेतून शिवणाच्या बाई म्हणून निवृत्त झालेल्या. यजमान तरुणपणीच गेलेले, मूलबाळ नाही. जिन्यात कुणी भेटलं की हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवत. “हलू नकोस रे मधू, नाक पळतंय तुझं!”

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. मुंबई द्यायला नकार देणाऱ्या एका मंत्र्याचा पुतळा जाळायचं चाळीत ठरलं. धड गवताचं आणि जुन्या कोटाचं झालं. तोंडासाठी मी वर्तमानपत्रातला फोटो घेऊन ताईंकडे गेलो.

तोंड तयार होऊन आलं. ओठ आवळलेले, एक भुवई वर. आता ‘नाही’ म्हणणार, असा. पुतळ्यावर चढवलं, घोषणा झाल्या, चाळीतल्या दिनूने काडी ओढली. तेवढ्यात ताई गर्दीतून घुसल्या आणि काडी फुंकून टाकली.

“तोंड काढा आधी.”

“अहो ताई, शत्रू आहे तो आपला!”

“असेल. त्या भुवईपायी माझे डोळे गेलेत. जाळायचं तर कोट जाळा.”

शेवटी मंत्री मडक्याच्या डोक्याने जळला. म्हातारी फुटली, अशी कुजबुज सुरू झाली. रागारागाने मी एका संध्याकाळी जाब विचारायला गेलो, तर आतून ताईंचा चढा आवाज. “मुंबई काय तुझ्या वडिलांची? बोल ना, आता का दातखीळ बसली?”

डोकावलो. मंत्री खुंटीवर. समोर ताई, पुढ्यात ताट.

त्या ओशाळल्या नाहीत. “बाकीचे सगळे गोड तोंड करून बसतात रे. त्यांच्याशी काय बोलायचं? याच्याशी भांडताना दोन घास जास्त जातात.”

मुंबईसह महाराष्ट्र झाला तेव्हा चाळभर तोरणं लागली. ताईंनी मोठी रांगोळी काढली, घरोघर पेढे दिले. संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो, तर आत अगदी शांत. मंत्र्याला मांडीवर घेऊन त्या त्याच्या आवळलेल्या ओठांचे टाके उसवत होत्या.

“जिंकलो ना आपण,” त्या म्हणाल्या. “आता हा कशाला नाही म्हणेल?” मग उसवलेला दोरा ओढून काढत, “जेवतोस का इथेच?”

मी पाट ओढला आणि स्वतःच वाढून घेतलं. आमटी फर्मास झाली होती. पहिला भुरका मारून मी म्हटलं, “अळणी आहे हो, ताई.”

ताईंनी सुई खाली ठेवली.

“अळणी? माझी आमटी? अरे, तुझ्या जिभेला चव आहे का काही!”

त्या रात्री ताईंनी दोनदा भात वाढून घेतला.