गॉगल आणि बजरंगची भिंत

यंदा उन्हाळ्यात गॉगल घ्यायचाच, असं मी ठरवलं. (मी एकदा ठरवलं की मागं हटत नाही. ऑफिसात ही माझी ख्याती आहे, म्हणूनच बहुधा माझ्याकडे कुणी फाईल पाठवत नाही.) ताडकळसच्या बाजारात ढिगातला सगळ्यांत काळा गॉगल उचलला. काच जेवढी काळी तेवढी डोळ्याला गार, हा माझा सिद्धांत. बायको विमला म्हणाली, डॉक्टरला विचारून घ्यायचा होता. मी म्हणालो, गॉगल काय औषध आहे?

दोन दिवसांत कपाळ ठणकायला लागलं, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पण गॉगल उतरवला असता तर विमलाचं खरं ठरलं असतं. मी तो उतरवला नाही.

त्यातच तिचा भाऊ बजरंग पिंगळीहून आमच्या कंपाउंडची भिंत बांधायला आला. तो गवंडी आहे, हात अगदी सफाईदार. भिंत छातीएवढी झाल्यावर मी गॉगल सावरून पाहिलं, तर भिंतीला मधोमध पोट सुटलेलं. पाडून टाक म्हणालो. त्यानं ओळंबा सोडून दाखवला. ओळंब्याच्या दोरीलाही पोट होतं. तुझा ओळंबाच वाकडा आहे, असं मी ठणकावून सांगितलं. (वजन बांधलेली दोरी वाकडी कशी लोंबेल, हा विचार मला त्या वेळी शिवला नाही.)

बजरंगनं थापी धुतली, पिशवीत टाकली.

"दाजी, भिंत पाडून देतो. पण पुन्हा तुमच्या दारात पाय ठेवायचो न्हाई."

विमलाचे डोळे भरले. एकुलता एक भाऊ तो. तिनं माझा गॉगल काढून घेतला, माझ्यासमोर हातभर लांब धरला आणि इकडून तिकडं हलवला. काचेतली भिंत गांडुळासारखी वळवळली.

"आता भिंत हलायलीय का काच?"

मला मनापासून लाज वाटली. बजरंगच्या हातातली पिशवी घेतली, माफी मागितली, चहासुद्धा मीच केला.

परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की काळ्या काचेमागं डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि काच अतिनील किरण अडवत नसेल तर ते उलट जास्तच आत जातात. वेडीवाकडी काच डोकं दुखवते ते वेगळंच. मी चांगला गॉगल घेतला आणि तो लावूनच घरी आलो. भिंत एकदम सरळ. आत पाहतो, तर दिवाळीत मी स्वतः ठोकलेली देवाची फळी एका बाजूला कललेली.

"हीसुद्धा काच वाकडीच निघाली," मी म्हणालो.

"काढून बघा," विमला म्हणाली.

काढून बघितलं. फळी तशीच. बजरंगनं हातोडी मागितली.

मी तेव्हापासून तो जुना गॉगल शोधतोय. त्यातून माझी फळी चांगली सरळ दिसायची.