झोपाळ्याच्या फळीचं स्वरमंडळ

मुलुंडच्या आमच्या फ्लॅटमध्ये, कपडे वाळत घालायच्या बाल्कनीत, मी स्वतःच्या हातांनी सीएनसी राउटर बांधला! म्हणजे संगणकाच्या हुकमावर लाकूड कोरणारं यंत्र. आठ महिने लागले. कपडे तेव्हापासून हॉलमध्ये पंख्याखाली वाळतात, पण मोठ्या कामात त्याग आलाच!

माझी बायको शर्मिष्ठा गाते. दसऱ्याला तिला गाताना मांडीवर घेऊन छेडायला तारांचं स्वरमंडळ करून देणार, असं मी जाहीर करून टाकलं. लाकूड तिनंच दिलं. पार्ल्याचं माहेर पाडलं तेव्हा वाचवलेली, बाबांच्या झोपाळ्याची सागवानी फळी. त्याच फळीवर बाबांशेजारी बसून ती सा लावायला शिकली होती.

"जयवंत, एकच फळी आहे हं," ती म्हणाली. "वाट लावलीस ना, तर बघ!"

"अगं, केसाइतकाही फरक पडणार नाही!"

दसऱ्याच्या सकाळी माझ्या आईनं यंत्राची पूजा केली आणि भुसा उडू नये म्हणून मी केलेलं प्लायचं खोकं पुन्हा वरून झाकून ठेवलं. मी बाहेरूनच बटण दाबलं. आधी यंत्राची सुई खाली येते, फळीला टेकते आणि तिथे शून्य धरते. पुढचं सगळं मोजमाप त्या शून्यावरून. टेकली! हिरवा दिवा! झकास!

तासाभरात वरच्या मजल्यावरचे देवव्रतकाका आवाज ऐकून खाली आले. ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रातून निवृत्त झालेला माणूस, खोक्याभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"भुसा कुठाय रे?"

"एक कण बाहेर येत नाही, काका! फिटिंग बघा!"

"आणि लाकूड कापल्याची करकरही नाही?"

"घरचं यंत्र आहे, काका. संस्कार!"

शर्मिष्ठा मात्र सोफ्यावर डोळे मिटून बसली होती. तिला तशी बघून मी पहिल्यांदाच खोक्याला आत डोकावण्यापुरती फट शोधू लागलो.

यंत्र थांबलं. मी खोकं उचललं.

फळी जशीच्या तशी! ओरखडासुद्धा नाही. आणि तिच्या कोपऱ्यात, चिमूटभर तांदळावर, हळदकुंकू लावलेली सुपारी. आईनं मांडलेला गणपती! सुई फळीला टेकलीच नव्हती, सुपारीला टेकली होती. तिच्या उंचीवर शून्य धरून यंत्रानं दोन तास, केसाइतकाही फरक न करता, अख्खं स्वरमंडळ हवेत कोरलं होतं!

काका पोट धरून खालीच बसले. शर्मिष्ठानं फळी उचलून छातीशी धरली. हसत होती की रडत होती, कळेना.

"मस्त झालंय रे!" ती म्हणाली. "घरात जागासुद्धा खात नाही!"

मी आईकडे वळलो. "आई, पूजा यंत्राची करायची होती ना गं?"

"यंत्राला वाहिलं की एक फूल," आई शांतपणे म्हणाली. "गणपती शर्मिष्ठानं फळीसाठी बसवायला सांगितला. म्हणाली, आई, जयवंतपासून सांभाळ म्हणावं."

सांभाळली की हो त्यानं! आठ महिन्यांत माझ्या यंत्रासाठी देवाला साकडं कोणीच घातलं नव्हतं. खरं सांगू? मीसुद्धा नाही!